एक्झॅक्टची चार मिनिटं

पुढच्या महिन्यात निवृत्त होताना मला चार्ज द्यायचा आहे, म्हणून ऑफिसातलं माझं कपाट आवरत होतो. खालच्या कप्प्यात, बंद झालेल्या फायलींच्या तळाशी, टाचणीने एकत्र लावलेले दोन कागद निघाले. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. वरचा कागद म्हणजे आमच्या गेटवरच्या टाइमकीपरचा चार्ज रिपोर्ट. खालचा म्हणजे आमच्याच ऑफिसचं एक परिपत्रक, माझ्याच हाताने तयार केलेलं. दोन्हींत मिळून चार मिनिटांची गोष्ट आहे. माझ्यामागून हे कपाट उघडणाऱ्याला त्यातलं काही कळणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. ज्यांना ती वेळेवर कळायला हवी होती, त्यांच्यासाठी उशीर होऊन अठरा वर्षं झाली.

त्या टाइमकीपरना कारखान्यात सगळे 'एक्झॅक्ट' म्हणत. मस्टरवर त्यांचं दुसरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणी उच्चारत नसे. गेटच्या डाव्या हाताला त्यांची खोली. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढी. आत एक उंच स्टूल, उतरत्या फळीचं टेबल, एक निळं पेन, एक लाल पेन, एक स्टीलची पट्टी आणि भिंतीवर भोंग्याचं बटण. खिडकीवर मोठं गोल घड्याळ, दोन तोंडांचं, आत येणाऱ्याला आणि बाहेर जाणाऱ्याला सारखंच दिसणारं. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात एक छोटा रेडिओ. वेळेवर आलेल्याची नोंद निळ्यात, उशिरा आलेल्याची लाल शाईत. एकतीस वर्षांच्या रजिस्टरात एक खाडाखोड दाखवा, असं ते पैज लावून सांगत, आणि पैज घ्यायला कुणी पुढे येत नसे.

एक्झॅक्ट हा शब्द तसा सगळेच वापरायचे. फोरमन म्हणायचा, "एक्झॅक्ट अस्साच दुसरा पीस काढ." कँटीनवाला विचारायचा, "एक्झॅक्ट किती कप? मग दोन कमी पडले म्हणून माझ्या नावानं ओरडू नका." साहेबांच्या केबिनमध्ये तर साहेब काहीही बोलले की समोरचे तिघं एका सुरात "एक्झॅक्टली, एक्झॅक्टली" करायचे. टाइमकीपरना याचा फार राग येई. त्यांच्याकडे पाठीला दोऱ्याने शिवलेला एक जुना शब्दकोश होता. मी नवीन असताना एकदा त्यांनी त्यातलं एक्झॅक्टचं पान माझ्यापुढे धरलं होतं.

"वाच, बीकॉम," ते म्हणाले. मी कॉमर्सचा, म्हणून मला ते कायम बीकॉम म्हणत. "अचूक, काटेकोर, तंतोतंत. मान डोलवणे असा अर्थ आहे का कुठे?"

"नाही. पण खाली क्रियापद म्हणून दिलंय, सक्तीने वसूल करणे."

"तो अर्थ साहेबलोकांचा. आपला वरचा." मग शब्दकोश मिटून म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव. कुणी एक्झॅक्ट म्हणालं की लगेच विचारायचं, कशाशी? नुसतं एक्झॅक्ट काही नसतं. कशाशी तरी जुळवून बघावं लागतं."

मला तेव्हा हे फार मोठं वाटलं होतं. घरी येऊन मी ते बायकोलाही सांगितलं होतं.

आता ते घड्याळ. ते चार मिनिटं पुढे होतं.

ही काही गुप्त गोष्ट नव्हती. सकाळची पाळी साडेसात ते साडेतीन. सुटल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, गेटवर रांगेत हजेरी देऊन समोरच्या थांब्यावर पोहोचायला माणसाला चौदा मिनिटं लागत. बस सुटायची तीन चाळीसला. पुढची सव्वा तासाने. बसवाले वेळ बदलेनात. तेव्हा फार पूर्वीच्या एका मॅनेजरांनी यावर तोडगा काढला. नुकत्याच रुजू झालेल्या टाइमकीपरना बोलावून सांगितलं, "घड्याळ चार मिनिटं पुढे ठेवा. कागदावर नको." भोंगा त्याच घड्याळावर वाजायचा, त्यामुळे साडेतीनचा भोंगा खरा तीन सव्वीसलाच होऊ लागला आणि सहाशे माणसांना बस मिळू लागली. सकाळची बस सातलाच येऊन पोहोचायची, त्यामुळे येताना कुणाचं काही बिघडत नव्हतं. मॅनेजर बदलून गेले. नंतरचे तीन आले आणि गेले. घड्याळ पुढेच राहिलं. कामगारांनी मनगटावरची घड्याळं त्याच्याशी लावून घेतली, बायकांनी स्वयंपाकघरातली. आमच्या वसाहतीत दोन वेळा चालायच्या, एक रेडिओची आणि एक कारखान्याची. लग्नाचं आमंत्रण आलं तरी कुणीतरी विचारायचंच, कुठली?

टाइमकीपर रोज सकाळी रेडिओवर सातचे ठोके ऐकत आणि शेवटच्या ठोक्याला घड्याळाचा काटा सात वाजून चार मिनिटांवर सोडत. चार म्हणजे चार. सेकंदकाट्यासकट. मी एकदा गमतीने म्हणालो होतो, "पुढेच ठेवायचंय तर चार काय नि पाच काय?"

त्यांना ते आवडलं नाही. "पुढे ठेवणं हा हुकूम आहे," ते म्हणाले. "किती पुढे, हे माझं काम आहे."

त्यांचा मेव्हणा प्रेस मशीनवर होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला लावलं तेही यांनीच. वसाहतीत एका रांगेत आमच्या तिघांची क्वार्टर्स होती. अलीकडे टाइमकीपर, मध्ये मी, पलीकडे मेव्हणा. भिंती अशा की एका घरात काडेपेटी ओढली की दुसऱ्या घरात कळायचं. मेव्हणा मोठा हसरा माणूस. ओट्यावर उभा राहून माझ्या घरावरून ओरडायचा, "भाऊजी, जेवायला आठला येतो. तुमच्या आठला की देवाच्या?"

"एक्झॅक्ट आठला ये म्हणजे झालं."

"म्हणजे चार मिनिटं उपाशी!"

थोरली मुलगी झाली त्या सकाळी तो हॉस्पिटलातून धावत गेटवर आला. घड्याळात सात सदतीस झाले होते. "भाऊजी, मुलगी झाली!" तो खिडकीतूनच ओरडला. टाइमकीपरनी स्टुलावरून उठून त्याचा हात हातात घेतला, दाबला, आणि मग लाल पेन त्याच्यापुढे धरलं. "अभिनंदन. इथे सही कर." ही गोष्ट मेव्हणाच सगळ्यांना रंगवून सांगायचा. त्यांच्या कडकपणाचं त्याला कौतुक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं. एकदा आजारपणात ते स्वतःच एक मिनिट उशिरा आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं. असा माणूस आपल्या गेटवर आहे याचा आम्ही पाहुण्यांपुढे तोरा मिरवायचो.

मेव्हण्याचा अपघात झाला तो दिवस शनिवार. भोंगा वाजला. सगळे मशीन बंद करून नळाकडे निघाले. मेव्हण्याच्या प्रेसमध्ये एक पत्रा अडकला होता. पुढच्या पाळीच्या माणसाचा अर्धा तास त्यात जाईल म्हणून तो माघारी वळला. पत्रा काढताना प्रेस खाली आला. मी गेलो तेव्हा त्याच्या अंगावर कुणीतरी पॅकिंगची ताडपत्री टाकली होती. गेटवरून टाइमकीपरनीच अँब्युलन्सला फोन केला. मग स्टुलावर बसून रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: अपघात ३.३२. अँब्युलन्सला फोन ३.३३. अक्षर नेहमीसारखंच सरळ आहे. मी ते पान नंतर पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

इथून सगळा खेळ चार मिनिटांचा. पाळीच्या वेळेत अपघात झाला तर घरातल्या एका माणसाला कारखान्यात नोकरी आणि मुलं मोठी होईपर्यंत क्वार्टर, असा नियम होता. पाळी संपल्यावर कुणी स्वतःहून मशीनला हात लावला तर त्याचं तो जाणे. मेव्हण्यामागे बायको आणि दोन मुली. थोरली एकोणीसची, टायपिंग शिकत होती. ती लागली असती. नियमात पाळी साडेतीनला संपत होती. रजिस्टरात अपघात तीन बत्तीसला होता. खरा तो तीन अठ्ठावीसला झाला होता, हे सहाशे माणसांना माहीत होतं.

आणि सहाशेपैकी एकही माणूस बोलला नाही. युनियनचा सेक्रेटरी माझ्या टेबलावर येऊन बसला. मी म्हणालो, "घड्याळाचं तुम्ही लिहून द्या की." तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "लिहून दिलं की उद्यापासून भोंगा चार मिनिटं उशिरा वाजेल. बस गेली ना साहेब. सहाशे घरांचे शिव्याशाप मी कुठे घेऊ? आणि एक्झॅक्ट सांगतीलच की. घरचाच माणूस गेलाय त्यांचा."

म्हणजे सगळ्यांनी ते त्यांच्यावर सोडलं. मीही सोडलं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी टाइमकीपरच्या घरातलं बोलणं भिंतीतून स्वच्छ ऐकू येत होतं. माझ्या बायकोने कुकरची शिटी काढून ठेवली, एवढं आम्ही गप्प बसून ऐकत होतो.

"अहो, एक वाक्य आहे," त्यांची बायको म्हणत होती. "घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. एवढंच बोलायचं. मी काही खोटं बोला म्हणत नाही. खरं तेच सांगा म्हणतेय."

"मग विचारतील, किती दिवस पुढे होतं?"

"मग सांगा."

"काय सांगू? एकतीस वर्षं? म्हणजे एकतीस वर्षांचं माझं प्रत्येक पान चूक. लाल शाईत ज्यांना ज्यांना मी सही करायला लावली, ते सगळे माझ्या दारात येतील. दोन माणसं लेटमार्कांवर घरी गेलीत. लोक म्हणतील, एक्झॅक्ट कसला, हा तर... माझ्या नोंदीत आजवर खाडाखोड नाही."

"माझ्या भावाची खाडाखोड झाली, त्याचं काय?"

मग त्यांचा आवाज आला, अगदी खालचा. "विचारलं तर बघू."

"विचारलं तर?" ती म्हणाली. "आणि नाही विचारलं तर?"

दुसऱ्या दिवशी मुख्य कचेरीतून चौकशी अधिकारी आले. शांत, सभ्य माणूस. गेटवर त्यांनी सही केली, वेळ लिहायला वर घड्याळात पाहिलं, मग मनगटावर पाहिलं. घड्याळात दहा चौतीस होते. त्यांच्या मनगटावर दहा तीस.

"अरेच्चा, माझं मागे पडलंय वाटतं," ते म्हणाले आणि चावी ओढून त्यांनी आपलं घड्याळ चार मिनिटं पुढे केलं.

मी त्यांना घ्यायला गेटवर गेलो होतो. शिपाई होता, दोन ड्रायव्हर होते, युनियनचा सेक्रेटरी होता. खिडकीच्या आत टाइमकीपर होते. सगळ्यांनी पाहिलं. एका ड्रायव्हरला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. टाइमकीपरनी लिहिलं: १०.३४, निळ्या शाईत.

जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मेव्हण्याची बायको दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिला मी वहिनी म्हणायचो. पदर दोन्ही हातांत घट्ट धरून ती एकटक टाइमकीपरकडे बघत होती. अधिकाऱ्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"इथे एक घोटाळा आहे," ते म्हणाले. "अँब्युलन्सच्या केंद्रात तुमचा फोन तीन एकोणतीसला आल्याची नोंद आहे. तुमच्या रजिस्टरात फोन तीन तेहतीसला. अपघात तीन बत्तीसला. म्हणजे अपघाताच्या तीन मिनिटं आधीच फोन केला म्हणायचं का?"

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, झालं. देवाने माणसापुढे ताट वाढून ठेवावं तसा प्रश्न आला होता. आता फक्त घास उचलायचा.

"तुमची नोंद एक्झॅक्ट आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

टाइमकीपर उभे राहिले. "रजिस्टरातली नोंद गेटवरच्या घड्याळाशी एक्झॅक्ट आहे," ते म्हणाले.

पुढचा प्रश्न काय असायला हवा होता, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि ते घड्याळ कशाशी? एवढे चार शब्द. माझ्या हातात पेन होतं. मी बोललो असतो तर फार तर अधिकारी मला म्हणाले असते, तुमचं काम लिहून घेण्याचं आहे. तसंच म्हणतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि लिहून घेतलं.

साहेबांनी मान पुढे काढून अधिकाऱ्यांना सांगितलं, "सर, आमचे टाइमकीपर म्हणजे... यांना सगळे एक्झॅक्टच म्हणतात. एकतीस वर्षांत एक चूक नाही."

"ऐकलंय मी," अधिकारी हसून म्हणाले. "शिवाय अँब्युलन्सवाल्यांचं घड्याळ मागे असणार. सकाळी माझंही चार मिनिटं मागेच होतं." त्यांनी मनगट वर करून सगळ्यांना दाखवलं.

वहिनी उठून उभी राहिली. "भाऊजी," ती एवढंच म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शिपायाने तिला हळूच खाली बसवलं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. टाइप मीच केला. 'अपघात पाळीची वेळ संपल्यानंतर दोन मिनिटांनी घडला असल्याने' या शब्दांनी तो सुरू होत होता. शेवटी नेहमीची ओळ: नवीन लेखी पुरावा असल्यास एक वर्षाच्या आत अपील करता येईल.

तीन महिन्यांत वहिनीने क्वार्टर सोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छापखान्याच्या मागे खोली घेतली आणि घरी पुठ्ठ्याची खोकी चिकटवायचं काम धरलं. थोरलीने टायपिंग सोडलं आणि ती एका दुकानात काउंटरला उभी राहिली. सामान हलवायला वसाहतीतले पुष्कळ जण गेले. मी पण गेलो, कपाटाचं एक टोक धरलं. आमच्या लोकांना ओझं उचलायला कधी कमीपणा वाटला नाही.

टाइमकीपरच्या घरी त्यांच्या बायकोने एक काम केलं. भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं, रेडिओ लावला आणि काटे चार मिनिटं मागे घेतले. "हे काय?" त्यांनी विचारलं. "माझ्या घरात आता खरी वेळ राहील," ती म्हणाली. "तुमची तुम्ही गेटवर ठेवा." त्यानंतर ती दुपारी वहिनीकडे खोकी चिकटवायला जाऊ लागली, मग दुपारची संध्याकाळ झाली, मग कधीतरी ती परत यायचीच थांबली. टाइमकीपर हाताने करून खाऊ लागले. ओट्यावर दिसले की मी काहीतरी बोलायचो, पाणी आलं का, डास फार झालेत, असलं. ते मोजकं उत्तर देत. मेव्हण्याच्या क्वार्टरमध्ये नवीन कुटुंब आलं होतं, त्यांची मुलं दिवसभर गोंगाट करत. तो त्यांना चालायचा. अपिलाचं मी त्यांच्याकडे एकदाही काढलं नाही. नवीन लेखी पुरावा फक्त एकच माणूस देऊ शकत होता, आणि मुदतीची तारीख मला पाठ होती.

मग त्यांची निवृत्ती आली. समारंभ झाला, हार झाला, साहेबांनी भाषणात एक्झॅक्ट हा शब्द सात वेळा वापरला. भेट म्हणून आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं. कुणाच्या डोक्यातून ती कल्पना निघाली कोण जाणे. त्यांनी ते खोकं न उघडता काखेत धरलं. त्याच दुपारी त्यांचा चार्ज रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. स्टूल एक, पट्टी एक, रजिस्टरं इतकी, पेनं दोन. नवव्या ओळीवर मी थांबलो.

'गेटवरील घड्याळ: चालू. प्रमाणवेळेपेक्षा चार मिनिटे पुढे. मी रुजू झाल्यापासून रोज असेच लावले आहे. नवीन टाइमकीपरने नोंद घ्यावी.' खाली सही, तारीख, आणि वेळ: ३.२६, प्रमाणवेळ.

मी कागद घेऊन तसाच गेटवर धावलो. ते खोलीतून आपला शब्दकोश आणि रेडिओ पिशवीत भरत होते.

"हे काय लिहिलंत?"

"चार्ज देताना वस्तू आहे तशी लिहावी लागते, बीकॉम. उद्या नव्या माणसाच्या हाती चुकीची वस्तू गेली असं नको."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला विचारलं, नोंद एक्झॅक्ट आहे का. होती."

"अहो, हाच कागद वर्षाच्या आत दिला असता तर..." मी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "मुदत संपली आता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आज सत्तर दिवस झाले."

त्यांनी ते दिवस मोजले होते. माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी तो आकडा सांगितला आणि पिशवीचा बंद ओढला. मग म्हणाले, "तूही मोजले असशीलच." ते गेटबाहेर पडले. नव्या टाइमकीपरने त्यांची शेवटची वेळ लिहिली. निळ्यात.

नवा टाइमकीपर सरळ माणूस. रिपोर्ट वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घड्याळ रेडिओशी जुळवलं. दुपारी भोंगा खऱ्या साडेतीनला वाजला आणि सहाशे माणसांची बस गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी गेटवर एवढी गर्दी झाली की साहेबांना खाली यावं लागलं. युनियनचा सेक्रेटरी खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "घड्याळ पहिल्यापासून चार मिनिटं पुढे आहे! लहान पोरालासुद्धा माहीत आहे! आत्ताच कुणाला ही अवदसा आठवली?" मागून सगळे ओरडत होते, "चार मिनिटं! चार मिनिटं!" हेच सहाशे गळे. सव्वा वर्षापूर्वी त्यांतला एकही गळा बसलेला नव्हता, तरी त्यांतून आवाज निघाला नव्हता.

साहेबांनी मला वर बोलावलं. "काढा परिपत्रक. या वेळी कागदावरच असू द्या, कटकट नको." मी मसुदा केला: 'गेटवरील घड्याळ पूर्वीप्रमाणे चार मिनिटे पुढे ठेवण्यात येईल.' पूर्वीप्रमाणे हा शब्द मी मुद्दाम घातला होता. साहेबांनी वाचला, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दोन्ही कागद टाचणी लावून घेतले आणि छापखान्यामागच्या खोलीवर गेलो. जमिनीवर पुठ्ठ्यांचे ढीग होते, मध्ये खळीचं पातेलं. वहिनी आणि तिची नणंद, म्हणजे टाइमकीपरची बायको, समोरासमोर बसून खोकी दुमडत होत्या. मी कागद पुढे केले. वहिनीने हात पुसले आणि दोन्ही सावकाश वाचले, मग नणंदेकडे दिले.

"सही यांचीच," ती म्हणाली. "वेळसुद्धा घातलीय." मग आणखी जवळ धरून बघितलं. "खरी घातलीय."

"म्हणजे आता पुरावा आहे," वहिनी मला म्हणाली. "त्यांच्या हातचा आणि तुमच्या ऑफिसचा."

"आहे. पण अपिलाची मुदत..." मुदतीनंतर अर्ज घेतला जात नाही, हे वाक्य मी नोकरीत शेकडो लोकांना खिडकीतून सांगितलं आहे. त्या खोलीत ते तोंडातून निघेना. "ती संपली."

"किती दिवस झाले संपून?"

"सत्तर-पंच्याहत्तर."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानदार वजनात मारतोय हे कळल्यावर गिऱ्हाईक पाहतं तसं.

"सत्तर की पंच्याहत्तर?" ती म्हणाली. "तुमच्याकडे तर सगळं एक्झॅक्ट असतं ना, भाऊजी?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

तिने मान हलवली, कागद नणंदेच्या हातून घेतले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि माझ्यापुढे धरले. "घेऊन जा. तुमच्या फायलीला लागतील." आणि खळीत बोट बुडवून तिने पुढचा पुठ्ठा ओढला.

ते कागद मी फायलीला लावले नाहीत. कपाटात ठेवले. कपाटात एकूण वस्तू किती, याची यादी आता मला चार्ज रिपोर्टात द्यायची आहे. काल रात्री करायला बसलो. खुर्ची एक, कपाट एक, किल्ल्या दोन, असं लिहीत नवव्या ओळीपर्यंत आलो आहे.